शोपँचा चौथा प्रेल्यूड : कारुण्य नेमके कुठे?

फ्रेदेरीक शोपँच्या २४ प्रेल्यूडांच्या संचातला (ओपस २८, प्रकाशन १८३९) चौथा प्रेल्यूड जेमतेम दोन मिनिटांचा आहे. स्वरलिपीत अवघे २५ बार. ऐकणारे त्याला ‘करुण’ म्हणून मोकळे होतात. का, असे विचारले की दोन उत्तरे पुढे येतात. एक चरित्रातले : १८३८-३९च्या हिवाळ्यात माजोर्का बेटावर, आजारपणात शोपँने हा संच पुरा केला. दुसरे आपल्या कानांचे : ई हा षड्ज मानला की कोमल गंधार आणि कोमल धैवत लागतात, म्हणजे ही आसावरीची छाया. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. त्याच हिवाळ्यात पुऱ्या झालेल्या या संचात प्रसन्न प्रेल्यूडही आहेत. आणि राग म्हणावा इतकी चाल इथे नाहीच.

पेटीवर पांढरी तीनचा षड्ज धरून पाहावे. पहिल्या चार बारांत उजव्या हाताला जवळजवळ एकच काम आहे : पंचम, कोमल धैवत, पुन्हा पंचम. नुसते एवढेच वाजवले तर त्यात दुःख सापडत नाही. ते डाव्या हातात आहे. तिथे कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणारे स्वर, एकसारख्या लयीत वाजत राहतात आणि त्यांतला कधी हा, कधी तो स्वर हळूच खाली सरकतो. वरचा पंचम तोच. पण खालचा आधार बदलला की तो दर वेळी निराळा भासतो.

मारव्याशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. मारव्यात गायक षड्ज टाळून तगमग निर्माण करतो, पण तंबोरा षड्ज सांगतच असतो. घर कुठे आहे हे श्रोत्याला ठाऊक असते. परतणे तेवढे लांबते. शोपँच्या रचनेला तंबोरा नाही. पहिल्याच कॉर्डच्या तळाशी षड्जाऐवजी कोमल गंधार आहे. पंचम जागच्या जागी उभा राहतो आणि त्याच्या पायाखालून घर सरकत जाते.

यात वाद्याचाही वाटा आहे. पेटीचा सूर भाता चालेपर्यंत टिकतो. पियानोची तार आघातानंतर लगेच विरू लागते. त्यामुळे धरून ठेवलेला पंचमही क्षीण होत जातो, तर खालच्या कॉर्ड पुन्हा पुन्हा उमटतात. सोळाव्या-सतराव्या बारमध्ये एकदाच आवाज चढतो, लय पुढे रेटली जाते, आणि सगळे ओसरते. अखेरीस एक विराम आणि अगदी हलक्या तीन कॉर्ड. तिसरीत षड्ज खर्जात येऊन बसतो. घर सापडते, पण तोवर वरची धून संपलेली असते.

३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीत हा प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवला गेला. ऑर्गनचा सूर पेटीसारखाच टिकणारा, त्यामुळे तिथे पंचम विरला नसणार. कारुण्याचा एक थर त्या दिवशी वाद्यानेच काढून घेतला. तरीही रचना शोकाला पुरली, कारण तळातले ते सरकणे ऑर्गनवरही शाबूत राहते.