शैलवासी शैवाकांच्या नोंदी : एक चिकित्सा

वनस्पतिसंग्रहातील नमुन्याचे मोल त्याच्या चिठ्ठीवर अवलंबून असते, हे सर्वमान्य आहे. खडकावर वाढणाऱ्या शैवाकांच्या बाबतीत मात्र स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहून झाल्यावर अधिवासापुढे ‘खडकावर’ एवढाच शब्द घालून काम भागविले जाते. ही प्रथा सदोष होय. आणि नांदेड व लातूर या जिल्ह्यांत तिचा दोष विशेष जाणवतो.

शैवाकास मुळे नसतात. तथापि ज्या पृष्ठावर ते वाढते त्याची आम्लता, सच्छिद्रता व ओलावा धरण्याची शक्ती यांवर तेथे कोणती जाती टिकेल हे बव्हंशी ठरते. लातूर जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे; परंतु औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या बाजूस बेसॉल्टचे आच्छादन संपून त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट उघडा पडतो. कंधार वा उदगीर येथील किल्ल्याच्या तटावरून नमुना घेतला, तर तो दगडावरचा की सांध्यातील चुन्यावरचा, हा प्रश्न उरतोच. कारण चुन्यावर वाढणाऱ्या जाती पुष्कळदा निराळ्या असतात. या सर्वांस ‘खडक’ म्हणणे म्हणजे काळी जमीन व मुरमाड जमीन यांस नुसती ‘जमीन’ म्हणण्यासारखे आहे.

नावातील चूक पुढे सुधारता येते. १९७४ साली मेसन हेल यांनी झँथोपार्मेलिया ही प्रजाती पार्मेलियातून वेगळी काढली. जुने नमुने जपलेले असल्यामुळे त्यांतील रासायनिक द्रव्ये पुन्हा तपासून त्यांची नावे बदलता आली. खडकाचे तसे नाही. कवचासारखी शैवाके दगडाला इतकी घट्ट चिकटलेली असतात की ती छिन्नीने कपचीसहच काढावी लागतात. त्यामुळे चिठ्ठी अपुरी असली तरी कपची साक्ष देते. पर्णाकार शैवाके मात्र सुरीने सोडवून घेता येतात, आणि त्याबरोबर खडकाचा पुरावाही सुटतो. म्हणजे जी शैवाके गोळा करण्यास सोपी, त्यांच्याच नोंदी अधिक दुबळ्या राहतात.

संग्राहक भूशास्त्रज्ञ नसतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु खडक ओळखता आला नाही तरी त्याची बोटभर कपची पाकिटात ठेवण्यास त्या शास्त्राची गरज नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवकसंग्रहासारख्या ठिकाणी नमुने पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. पुढील अभ्यासक ते पुन्हा उघडील, तेव्हा देगलूरचा ग्रॅनाइट कदाचित खाणीत गेलेला असेल आणि लेण्यांच्या भिंती धुऊन स्वच्छ झालेल्या असतील. त्या वेळी पाकिटातील कपची हाच त्या स्थळाचा शिल्लक पुरावा ठरेल.