संगमरवरातील कप्तान आणि यादीतील खलाशी : मुंबईशी निगडित नाविक स्मारकांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

मृत्यूनंतर माणूस स्मृतिरूपाने उरावा ही आकांक्षा सर्व समाजांत आढळते. रणभूमीवर पडलेल्या सैनिकाला कबर वा समाधी लाभते, तर समुद्रावर मरण आलेल्या नाविकाचा देह बहुधा लाटांच्याच स्वाधीन होतो. त्यामुळे नाविकाच्या बाबतीत स्मारकाला कबरीची जागा घ्यावी लागते. देह नसताना केवळ शब्द आणि शिल्प यांच्या आधारे उभे राहणारे हे स्मारक एका अर्थाने पूर्णपणे ‘संहिता’ असते. कोणत्याही संहितेप्रमाणे तिलाही निवेदक असतो, नायक असतो, आणि तिने मौनात ठेवलेली पात्रेही असतात.

मुंबईच्या संदर्भात अशा स्मारकांचा विचार आजवर मुख्यतः दोन दृष्टींनी झालेला दिसतो. काहींना ती वसाहतकालीन सत्तेची अवशिष्ट चिन्हे वाटतात, तर काहींना शिल्पकलेचे उत्तम नमुने. पहिली दृष्टी ती नाकारते, दुसरी न्याहाळते. वाचत मात्र कोणतीच नाही. प्रस्तुत निबंधात ही स्मारके साहित्यकृतीप्रमाणे वाचण्याचा प्रयत्न केला आहे. समुद्रावर एकत्र मेलेल्या माणसांपैकी नाव कोणाला मिळते, हा या वाचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

चर्चमधील नायक : कॅप्टन हार्डिंज

मुंबईच्या फोर्ट विभागातील सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले आणि १८३७ मध्ये त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. ‘चर्चगेट’ हे नावही याच चर्चवरून पडले. त्याच्या भिंतींवर गव्हर्नर, सेनानी, व्यापारी व त्यांचे कुटुंबीय यांच्या स्मृतिशिला आहेत. त्यांतील एक स्मारक ब्रिटिश आरमारातील कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंज याचे आहे.

१८०८ च्या मार्चमध्ये ‘सॅन फिओरेंझो’ या ब्रिटिश युद्धनौकेची सिलोनजवळच्या समुद्रात ‘पिएमोंतेज’ या फ्रेंच फ्रिगेटशी गाठ पडली. ही फ्रेंच नौका हिंदी महासागरातील ब्रिटिश व्यापाराला मोठा उपद्रव देत होती. १८०६ मध्ये तिने ईस्ट इंडिया कंपनीचे ‘वॉरन हेस्टिंग्ज’ हे जहाज पकडले होते. ६ ते ८ मार्च असे तीन दिवस थांबत-थांबत झुंज चालली. अखेर फ्रेंच नौकेने शरणागती पत्करली. परंतु तत्पूर्वीच हार्डिंज मारला गेला होता. त्याचे वय अवघे २६ वर्षांचे होते.

ही कथा शोकांत नायकाच्या पारंपरिक साच्यात सहज बसते : तारुण्य, शौर्य, विजयाच्या क्षणी मृत्यू. म्हणूनच त्याचे स्मारक मुंबईत तर झालेच, शिवाय लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्येही ब्रिटिश पार्लमेंटच्या ठरावाने चार्ल्स मॅनिंग या शिल्पकाराकडून दुसरे स्मारक घडवून घेण्यात आले. लंडनच्या शिल्पात शवपेटीशेजारी ब्रिटिश निशाण धरून बसलेला एक ‘हिंदी योद्धा’ आहे आणि कीर्तिदेवता नायकाच्या नावावर पुष्पचक्र धरून आहे.

येथे वाचकाने थांबले पाहिजे. ‘सॅन फिओरेंझो’वर या झुंजीत १३ जण ठार व २५ जखमी झाले. फ्रेंच नौकेवर ३६६ फ्रेंच माणसांखेरीज सुमारे २०० लस्कर, म्हणजे आशियाई खलाशी, शिडे हाताळण्याच्या कामी होते, अशी नोंद विजयानंतरच्या ब्रिटिश अहवालात आढळते. म्हणजेच त्या समुद्रात हिंदी महासागराच्या परिसरातील माणसे प्रत्यक्ष हजर होती. तोफांच्या माऱ्याखाली ती दोरखंड ओढत होती. शिल्पात मात्र त्यांच्याऐवजी अवतरतो तो एक कल्पित योद्धा, आणि त्याच्या हाती दोरखंडाऐवजी विजेत्याचे निशाण आहे. खरा खलाशी वगळून त्याच्या जागी रूपक बसवण्याची ही क्रिया या स्मारकाच्या अर्थाचा गाभा आहे.

तथापि हा केवळ वंशभेदाचा प्रश्न मानणे अपुरे ठरेल. मृत ब्रिटिश खलाशांनाही असे स्वतंत्र स्मारक लाभले नाही. त्या काळातील चर्चची भिंत ही मुळात हुद्द्याची भिंत होती. तिच्यावर येण्यासाठी मरण पुरेसे नव्हते. पद, घराणे आणि वजनदार चाहते यांचीही आवश्यकता असे.

ॲडमिरल मेटलंड आणि मुंबईचे जहाज

याच चर्चमध्ये रिअर ॲडमिरल सर फ्रेडरिक लुईस मेटलंड याचेही स्मारक आहे. १५ जुलै १८१५ रोजी नेपोलियनने ज्या ‘बेलरोफॉन’ जहाजावर स्वतःला ब्रिटिशांच्या स्वाधीन केले, त्याचा हा कप्तान. पुढे तो पूर्वेकडील ब्रिटिश आरमाराचा प्रमुख झाला. ३० नोव्हेंबर १८३९ रोजी मुंबईनजीक समुद्रात ‘वेलस्ली’ या जहाजावर त्याचे निधन झाले आणि मुंबईतच त्याचे दफन झाले.

‘वेलस्ली’ हे ७४ तोफांचे जहाज मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी या पारशी जहाजबांधणी-तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, सागवानी लाकडात बांधले गेले आणि १८१५ मध्ये, म्हणजे नेपोलियनच्या शरणागतीच्याच वर्षी, पाण्यात उतरले. याच जहाजावरून मेटलंडच्या आरमाराने १८३९ च्या फेब्रुवारीत कराची घेतली. चर्चमध्ये मेटलंडचे स्मरण त्याच्या पराक्रमासाठी होते. पण ज्या फळ्यांवर त्याने अखेरचा श्वास घेतला त्या घडवणाऱ्या सुतारांची या शहरातील स्मृती जहाजांच्या नावांपुरतीच उरली आहे. एका मृत्यूमागे किती हातांचे श्रम उभे असतात हे स्मृतिशिला सांगू शकत नाही, कारण एकवचन हेच तिचे व्याकरण आहे.

एक्सरचे वीरगळ : निराळी परंपरा

या व्याकरणाची मर्यादा मुंबई परिसरातीलच दुसऱ्या एका स्मारकाशी तुलना केल्यास स्पष्ट होते. बोरिवलीजवळील एक्सर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. यादव राजा महादेव व कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील तेराव्या शतकातील आरमारी संघर्षाशी त्यांचा संबंध सामान्यतः जोडला जातो. वीरगळाच्या रूढ रचनेप्रमाणे खालच्या कप्प्यात युद्ध, मधल्या भागात वीराचे स्वर्गारोहण आणि वर शिवपूजा असा क्रम येतो.

लक्षणीय बाब अशी की, खालच्या कप्प्यात नौका रिकाम्या नाहीत. वल्ह्यांच्या रांगा कोरलेल्या आहेत. नौका माणसांच्या बळावर चालते हे शिल्पी विसरलेला नाही. परंतु या वीरांची नावे आज ज्ञात नाहीत. चर्चमधील शिलेवर नाव आहे पण समूह नाही. वीरगळावर समूह आहे पण नाव नाही. म्हणून देशी परंपरा समतेची आणि परकीय परंपरा विषमतेची, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. वीरगळातही स्वर्गारोहण वीराचेच होते, वल्हेकऱ्याचे नव्हे.

नावांची यादी : समता आणि तिची मर्यादा

पहिल्या महायुद्धाने स्मारकाचे स्वरूप बदलले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नावानिशी स्मरण करण्याचे तत्त्व स्वीकारले. स्मारकाचा नायक आता एक व्यक्ती राहिली नाही. यादी हाच नवा साहित्यप्रकार ठरला.

मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील खलाशांच्या वसतिगृहात या प्रकाराचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज दुसरी कबर न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे तेथे स्मरण केले जाते. दुसऱ्या महायुद्धातील रॉयल इंडियन नेव्ही व व्यापारी जहाजांवरील सुमारे ६,५०० मृतांची नावे स्मरणग्रंथात नोंदवली असून त्याची एक प्रत मुंबईत व दुसरी चितगाव येथे आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तांडेल, सारंग व खलाशी मुंबईच्या गोदीत येत राहिले. त्यांच्या वंशजांच्या दृष्टीने ही यादी म्हणजे एकमेव समाधी होय.

मात्र यादीतील समतेलाही भूगोल आहे. ब्रिटिश व्यापारी खलाशांचे स्मारक लंडनच्या टॉवर हिलवर, लटयेन्ससारख्या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार, १९२८ मध्ये भर वस्तीत उभे राहिले. मुंबईच्या खलाशांची नावे मात्र एका वसतिगृहाच्या आवारात राहिली. कोलकात्यात हुगळीकाठी १९२४ मध्ये उभारलेले लस्कर स्मारक दर्शनीय आहे. त्यावर प्राचीन नौकेचे नाळ कोरले आहेत आणि लेखात ८९६ ही मृतांची संख्याही आहे. पण संख्या म्हणजे नाव नव्हे. आयोगानेच नेमलेल्या समितीने २०२१ च्या अहवालात मान्य केले की, पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे, मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्वेतील, नावानिशी वा मुळीच स्मरण झालेले नाही. म्हणजे समतेचे तत्त्व छापील राहिले आणि अंमलबजावणीत जुनी भिंत टिकून राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेचे दीव येथील स्मारक या संदर्भात उल्लेखनीय आहे. जहाजाबरोबर जलसमाधी घेणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जनमानसात अमर झाले. तथापि तेथील स्मारकाच्या केंद्रस्थानी जहाजाची प्रतिकृती आहे. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक एकाच जहाजाच्या नावाखाली स्मरले जातात. नायक आणि समूह यांना एकत्र सामावणारे हे रूप आधीच्या दोन्ही परंपरांची उणीव काही अंशी भरून काढते.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात :

१. नाविक स्मारक कबरीची जागा घेत असल्याने, त्यातून वगळला गेलेला नाविक दुसऱ्यांदा बुडतो.

२. चर्चमधील स्मारके व्यक्तीचा गौरव करतात, वीरगळ प्रसंग जतन करतात आणि यादी नाव जपते. यांपैकी कोणताही एक प्रकार पूर्ण सत्य सांगत नाही.

३. वसाहतकालीन स्मारकांतील विषमता वंशाची होती, तशीच हुद्द्याचीही होती. एकाच निकषावर त्यांचा निवाडा करणे अन्यायाचे ठरेल.

हार्डिंजचे शौर्य खोटे नव्हते आणि त्याचा संगमरवर उतरवून कोणाही खलाशाला न्याय मिळणार नाही. आवश्यक आहे ते या स्मारकांचे एकत्रित वाचन. सेंट थॉमस चर्च ते मस्जिद बंदर हे अंतर पायी तोडता येण्याजोगे आहे. चर्चमध्ये कप्तानाचे नाव वाचणारा अभ्यासक वसतिगृहातील यादीपर्यंतही पोहोचेल, तेव्हाच त्या समुद्राची गोष्ट पुरी होईल.