‘कासव’ पाहिल्यानंतर वर्गात

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) या चित्रपटाला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण आणि त्याला कोकणातल्या घरी नेणारी जानकी यांची ही कथा. अंधेरी-मुलुंडच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांनी ती जरूर पाहावी, असे आम्हांला वाटते.

जानकी त्या मुलाची उलटतपासणी घेत नाही. जेवण, झोप आणि निवांतपणा देते. चित्रपटाचे खरे बळ इथे आहे. आपण मात्र गैरहजर विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘का आला नाहीस?’

तरीही शिक्षक म्हणून दोन गोष्टी अपुऱ्या वाटतात. कथा सुरू होते ती मुलगा कोसळल्यावर. चिंता वर्गात त्याआधीच दिसू लागते. तोंडी परीक्षेच्या दिवशी कुणाचे पोट बिघडते, कुणाची छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. ही सबब नसते. धोक्याच्या जाणिवेने ॲड्रिनलिन स्रवते आणि शरीर पळण्याच्या तयारीला लागते. विद्यार्थी परीक्षा टाळतो, लगेच बरे वाटते आणि ‘टाळले की सुटका’ हा धडा मेंदू पक्का करतो. पुढच्या वेळी भीती आणखी वाढलेली असते.

दुसरे असे, की जानकीपाशी घर आहे, वेळ आहे. आपल्यापुढे शंभर जणांचा वर्ग आणि उरलेला अभ्यासक्रम असतो. मग आपण काय करावे? याचे उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरच आहे. वेळासला कासवाची पिल्ले उचलून पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात, राखण करतात. समुद्रापर्यंत ती आपली आपण चालत जातात. घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेतून पूर्ण सूट देऊ नये आणि एकदम परीक्षकांपुढे ढकलूही नये. आधी रिकाम्या प्रयोगशाळेत दोन प्रश्न, मग एका मित्रासमोर, मग परीक्षकांसमोर.

झोप-जेवण कित्येक दिवस बिघडले असेल किंवा मरणाची भाषा येत असेल, तर मात्र हे आपले काम नव्हे. त्याला एकटे न सोडता तज्ज्ञांकडे न्यावे. शेजारच्या ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून काम करते. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

चित्रपट वर्गाला दाखवण्यापूर्वी स्वतः पाहा, आणि नंतरचा तास चर्चेसाठी मोकळा ठेवा.