चित्रपटप्रकाराचे भान आणि थरारपटाचा आरंभ : तोरणमाळच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चित्रपटाचा अभ्यास कला व वाणिज्य शाखांच्या वर्गांपर्यंत पोहोचू लागला आहे. भ्रमणध्वनीमुळे चित्रीकरणाचे साधन विद्यार्थ्यांच्या हाती आहे. परिणामी ‘थरारपटाचे आरंभदृश्य तयार करा’ यासारखा प्रकल्प आता महाविद्यालयीन पातळीवर सहज दिला जाऊ शकतो. दोन-तीन मिनिटांचा हा प्रकल्प वरवर पाहता तांत्रिक सरावाचा भाग वाटतो. वस्तुतः त्यात प्रकारसिद्धान्त, कथनमीमांसा आणि प्रतिनिधित्वाचे राजकारण हे तिन्ही प्रश्न एकत्र येतात. प्रस्तुत लेखात नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे स्थळ डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नांचा विचार केला आहे. थरारपटाच्या आरंभात ‘भय कोणाला आणि कशाचे’ हे ठरवणे हाच नियोजनाचा पहिला टप्पा असला पाहिजे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रकार : घटक आणि रचना

चित्रपटप्रकार म्हणजे निर्माता आणि प्रेक्षक यांच्यातील अलिखित करार होय. तमाशापटाला गेलेला प्रेक्षक ढोलकीची थाप अपेक्षितो, संतपटाला गेलेला चमत्काराची वाट पाहतो. ही अपेक्षा नेमकी कशातून निर्माण होते, याविषयी रिक ऑल्टमन यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार अध्यापनाच्या दृष्टीने आजही उपयुक्त आहे. त्यांच्या मते प्रकाराकडे दोन अंगांनी पाहता येते. एक अंग घटकांचे : पात्रे, स्थळे, वस्तू, प्रकाशयोजना. दुसरे अंग रचनेचे : हे घटक कोणत्या संबंधात मांडले जातात आणि त्यातून कोणता अर्थ सिद्ध होतो. ही दोन्ही अंगे एकत्र पाहिल्याखेरीज प्रकाराचे आकलन पूर्ण होत नाही.

वर्गातील अध्यापन बहुधा पहिल्या अंगापाशी थांबते. अंधार, पाऊस, धुके, चाकू, करकरणारे दार, धावणारी पावले अशी यादी फळ्यावर लिहिली जाते आणि मूल्यमापनही त्या यादीनुसारच होते. यादीतील घटक असतील तर गुण मिळतात. परंतु अंधार भयपटात असतो तसा प्रेमपटातही असतो. चाकू स्वयंपाकघरात असतो तेव्हा त्याने भाजीच चिरली जाते. घटकाला भयाचा अर्थ रचना देते. ही गोष्ट विद्यार्थ्याला सांगितली गेली नाही, तर तो प्रकार शिकत नाही, प्रकाराची वेशभूषा तेवढी शिकतो.

रहस्य, भय आणि थरार

मराठी वाचकाला रहस्याची परंपरा नवी नाही. गो. ना. दातार यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या, बाबूराव अर्नाळकर यांच्या शेकडो रहस्यकथा आणि नारायण धारप यांचे भयसाहित्य यांनी अनेक पिढ्यांचे वाचन घडवले. समीक्षेने या साहित्याची पुरेशी दखल घेतली नाही, आणि त्यामुळे ‘रहस्य’, ‘भय’ व ‘थरार’ या संज्ञा आपल्याकडे एकमेकींच्या जागी सैलपणे वापरल्या जातात. त्यांतील भेद ज्ञानाच्या वाटणीवरून स्पष्ट करता येतो.

रहस्यपटात प्रेक्षकाला पात्राइतके किंवा त्याहून कमी ठाऊक असते. घटना घडून गेलेली असते, शोध मागे वळून घेतला जातो. भयपटात जे समोर येते ते ज्ञानाच्या चौकटीतच बसत नाही. थरारपटात मात्र प्रेक्षकाला अनेकदा पात्राहून अधिक ठाऊक असते, आणि संकट अजून घडावयाचे असते. फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या व १९६६ मध्ये ग्रंथरूप झालेल्या संवादात आल्फ्रेड हिचकॉक यांनी टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण याच संदर्भात दिले होते. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो आहे हे प्रेक्षकाला आधी कळले, तर टेबलावरच्या निरर्थक गप्पाही असह्य होतात.

या निकषावर राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) मूलतः रहस्यपट ठरतो. मृत मानली गेलेली पत्नी आणि ती आपणच असल्याचे सांगणारी स्त्री, यांतील सत्य काय हा त्याचा गाभा आहे. राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) या नावाने त्याचे हिंदी रूप केले. म्हणजे भाषा, कलावंत आणि परिवेश बदलला तरी रचना टिकली. चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘बिनधास्त’ (१९९९) महाविद्यालयीन मैत्रिणींच्या जगात घडतो. वाडा, स्मशान, अमावास्या यांची मदत न घेता रोजच्या परिचित वातावरणात ताण निर्माण होऊ शकतो, हे या चित्रपटाने दाखवले. विद्यार्थी-दिग्दर्शकासाठी हा धडा विशेष मोलाचा आहे, कारण त्याच्यापाशी वाडा नसला तरी महाविद्यालय असतेच.

आरंभदृश्याचे कार्य

आरंभदृश्याने तीन कामे करावयाची असतात : प्रकाराचा करार जाहीर करणे, ज्ञानाची वाटणी ठरवणे आणि प्रेक्षकाची नैतिक जागा निश्चित करणे. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) मध्ये ही तिन्ही कामे तीन मिनिटांहून किंचित लांब अशा एकाच अखंड दृश्यात होतात. एक हात बॉम्बची वेळ लावतो, बॉम्ब मोटारीच्या मागील कप्प्यात ठेवला जातो, आणि मोटार सीमेवरील गावाच्या गर्दीतून हळूहळू निघते. रस्त्यात कोणी थांबते, कोणी बोलते. साधा रस्ता प्रेक्षकाच्या दृष्टीने धोक्याचा होतो, कारण त्या रस्त्यावरील कोणालाही जे ठाऊक नाही ते त्याला ठाऊक आहे.

श्रीराम राघवन यांचा पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (२०१८) वेगळी वाट घेतो. आरंभी कोबीचे शेत, बंदूकधारी माणूस आणि एका डोळ्याने अंध असलेला ससा दिसतो. या प्रसंगाचा कथेशी असलेला संबंध तेव्हा कळत नाही, फार पुढे कळतो. येथे प्रेक्षकाला माहिती दिली जाते, पण तिचे स्थान दिले जात नाही. दिवसाउजेडी, शेतात, एका लहान प्राण्याच्या निमित्ताने हा ताण उभा राहतो, हेही लक्षणीय आहे.

तिसरे कार्य, म्हणजे नैतिक जागा, यासाठी गोविंद निहलानी यांच्या ‘आक्रोश’ (१९८०) चे उदाहरण अपरिहार्य ठरते. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या या चित्रपटाच्या आरंभी पत्नीच्या चितेपाशी लहान्या भिकू या आदिवासी तरुणाला पोलीस बेड्या घालून आणतात. त्याच्यावर तिच्याच खुनाचा आरोप आहे आणि तो बोलत नाही. पुढे वकिलाला मिळणाऱ्या धमक्या, लपवलेले पुरावे, पाळत हे सारे थरारपटाचेच घटक आहेत. परंतु चित्रपटाची भीती आदिवासी माणसाविषयी नाही. त्याला गप्प बसवणाऱ्या व्यवस्थेविषयी ती आहे. घटक तेच, रचना निराळी. ऑल्टमन यांच्या भेदाचे याहून नेमके भारतीय उदाहरण मिळणे कठीण.

तोरणमाळ : स्थळ आणि नजर

सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर वसलेले तोरणमाळ अक्राणी, म्हणजेच धडगाव तालुक्यात येते. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी, सातपायरीचा वळणावळणाचा घाट, मच्छिंद्रनाथाची गुहा, पावसाळ्यात क्षणात रस्ता गिळणारे धुके आणि महाशिवरात्रीला भरणारी गोरखनाथाची यात्रा हे सारे दृश्यमाध्यमाला मोह घालणारे आहे. भिल्ल आणि पावरा समाजांची येथे वस्ती आहे, आणि मराठी ही बहुतेक घरांची पहिली भाषा नव्हे.

या स्थळी थरारपटाचा आरंभ योजताना विद्यार्थ्याच्या मनात पहिले चित्र कोणते येईल, हे सांगणे अवघड नाही. घाटातून वर चढणारी एकटी मोटार आणि आकाशातून तिचा माग घेणारा ड्रोन. हे चित्र स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ (१९८०) मधून आलेले आहे. डोंगररस्त्यावरच्या छोट्या पिवळ्या मोटारीमागे तेथे कॅमेरा आकाशातून जातो. कोणाचीच नसलेली ती नजर मोटारीतल्या माणसाची वाट पाहणाऱ्या रिकाम्या जागेची नजर वाटते. तोरणमाळचा डोंगर रिकामा नाही. तेथे पाडे आहेत, शेते आहेत, गुरे आहेत. मोटारीतला शहरी प्रवासी कथेचा नायक आणि रस्त्याकडेला उभा पावरा म्हातारा धोक्याची खूण, अशी मांडणी केली की रचनेने निर्णय देऊन टाकलेला असतो. पुढे संवाद कितीही सहानुभूतीचे असले तरी तो फिरत नाही.

होळीच्या वेळची दृश्ये हा याच मोहाचा आणखी एक नमुना. अंगावर ठिपके रेखलेले, कमरेला घुंगरू व दुधी भोपळे बांधलेले, मोरपिसांचे टोप घातलेले बावा आणि बुध्या ही नवसाची, व्रतस्थ माणसे असतात. त्यांच्या घुंगरांखाली भयसूचक संगीत घातले आणि मशालीच्या उजेडात दोन-तीन झपाट्याचे तुकडे जोडले, की व्रत धमकी होऊन बसते. त्यासाठी एकही खोटा शब्द उच्चारावा लागत नाही, संकलन पुरेसे असते. ‘डाकीण’ या विषयाचा वापर तर त्याहून धोकादायक आहे. सातपुड्यात या आरोपाने खऱ्या स्त्रियांचा छळ झालेला आहे आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामागे अशा छळाचा मोठा इतिहास आहे. थरारासाठी डाकीण ‘खरी’ ठरवणारा विद्यार्थिपट आरोप करणाऱ्यांच्या बाजूने साक्ष देतो.

या भागातील महाविद्यालयांच्या वर्गांत पावरा आणि भिल्ल विद्यार्थी बसलेले असतात. आपल्या आत्याचे दागिने, आपल्या काकांचा ढोल पडद्यावर भीतीची खूण म्हणून आलेला पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या तासाला प्रकारसिद्धान्ताखेरीज आणखीही काही शिकवले जाते. प्रश्न आहे तो येथे.

पर्यायी नियोजन

यास पर्याय कोणता? अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या अनेक वर्षे येत आहेत. या वास्तवात थरारपटाची रचना आधीच आहे : मर्यादित वेळ, अनिश्चित वाट, प्राणाचे मोल. त्यावर आधारित आरंभदृश्याचा आराखडा पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिल्या चित्रचौकटीत पावसाळी संध्याकाळ. घाटातील एका वळणावर दरड कोसळून रस्ता अडलेला. माणूस नाही, संगीत नाही, फक्त घसरत्या मातीचा आवाज. दुसऱ्या चित्रचौकटीपासून खालच्या पायवाटेवर झोळी : बांबूवर आवळलेले हात, चिखलातली पावले, झोळीबाहेर आलेला बांगड्यांचा हात. वाहकांचे संवाद पावरीत, खाली मराठी उपशीर्षके. समांतर संकलनाने वर येणारी रुग्णवाहिका दाखवावी. चालक घड्याळ पाहतो, रेडिओ लावतो. अडलेल्या वळणाची कल्पना ना चालकाला, ना वाहकांना. ती फक्त प्रेक्षकाला आहे. वेल्स यांच्या मोटारीतला बॉम्ब येथे दरडीच्या रूपाने आला आहे. साधारण १४ ते १६ दृश्यखंड आणि दोन मिनिटे एवढ्यात हे बसते. शेवटच्या खंडात वाहकांपैकी एक वृद्धा थांबते, पाण्याच्या बदललेल्या आवाजाकडे कान देते आणि वाट बदलायला सांगते. तेथे शीर्षक यावे.

या शेवटच्या खंडाला विशेष महत्त्व आहे. दुःखाचा थरार करणे हेही शोषणच नव्हे काय, असा आक्षेप या आराखड्यावर घेता येईल आणि तो रास्त आहे. झोळीतली स्त्री व वाहक केवळ दयेचे विषय राहिले तर हा आराखडा पहिल्याइतकाच सदोष ठरेल. वृद्धेचे ज्ञान कथेला वळण देते, म्हणून ती माणसे कथेची कर्ती होतात. प्रेक्षक त्यांना भीत नाही, त्यांच्यासाठी भितो. आणि काही क्षणांनी त्यांच्यावर विसंबू लागतो.

व्यावहारिक बाजूही नियोजनाचाच भाग मानावी. वनक्षेत्रातील चित्रीकरणासाठी वनखात्याची आणि गावात ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी, ड्रोन वापरावयाचा असल्यास २०२१ च्या ड्रोन नियमांचे पालन, घाटात धुके व अंधार असताना चित्रीकरण न करणे, खऱ्या रुग्णाचे चित्रण न करणे आणि पावरी संवाद त्या भाषेच्या विद्यार्थ्याकडून लिहून घेणे या गोष्टी प्रकल्पाच्या आराखड्यात लेखी असाव्यात. अखेरच्या बाबीमुळे वर्गातील श्रेणीरचनाही थोडी बदलते. एरवी मागच्या बाकावर असणारा विद्यार्थी पटकथेचा सहलेखक होतो.

निष्कर्ष

१. चित्रपटप्रकाराचे अध्यापन घटकांच्या यादीवर थांबल्यास विद्यार्थी अनुकरणापलीकडे जात नाही. रचनेचा विचार मूल्यमापनाच्या निकषांत स्पष्टपणे यावयास हवा.

२. रहस्य, भय आणि थरार यांतील भेद ज्ञानाच्या वाटणीवरून शिकवल्यास तो विद्यार्थ्याला पटकथेत प्रत्यक्ष वापरता येतो.

३. आरंभदृश्य हे नैतिक विधान असते. कॅमेरा प्रथम कोणासोबत उभा राहतो यावरून प्रेक्षकाची बाजू ठरते. म्हणून चित्रफलक रेखाटण्यापूर्वी ‘या दृश्यात भय कोणाला आणि कशाचे’ याचे उत्तर विद्यार्थ्याकडून एका वाक्यात लिहून घ्यावे.

४. तोरणमाळसारख्या स्थळी धुके आणि दरी विनामूल्य मिळतात, परंतु तेथील माणसांची प्रतिमा विनामूल्य मिळत नाही. तिची किंमत कोण चुकवतो, याची जाणीव विद्यार्थ्याला करून देणे हे चित्रपटाच्या अध्यापकाचे काम आहे.