गुलबकावलीतलं ‘गुल’ कुठे गेलं?

नर्मदा जयंतीला इथे मंडीदीपमध्ये नर्मदा-शोणभद्राच्या कथेवर एका हौशी मंडळीचा प्रयोग पाहिला. तीन नट, एक ढोलक, एक लांबलचक निळं कापड. संवाद जवळजवळ नाहीतच, अधूनमधून निवेदन तेवढं.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. मेकल राजाचा पण असा, की जो गुलबकावलीची फुलं आणील त्याला नर्मदा द्यायची. शोणभद्र ती आणतो. लग्नाआधी निरोप घेऊन नर्मदा आपल्या दासीला, जोहिलेला, स्वतःची वस्त्रं-दागिने घालून पाठवते. शोण तिलाच नर्मदा समजून बसतो. नर्मदा रागानं पश्चिमेला वळते ती कायमची, कुमारीच राहते. नकाशाही तेच सांगतो: जोहिला शोणला मिळते, शोण गंगेला, आणि नर्मदा 1312 किलोमीटर एकटी खंबातच्या आखाताकडे.

सांगणारे सगळा दोष जोहिलेवर ढकलतात. या प्रयोगात तसं नाही. नर्मदा एकेक दागिना स्वतःच्या हातानं तिच्या अंगावर चढवते, आणि हे इतकं सावकाश चालतं की प्रेक्षक चुळबुळायला लागतात. जोहिला नुसती उभी. कपडे तिनं मागितलेच नव्हते! पुढे तेच दागिने ओरबाडले जातात तेव्हा ढोलक थांबतं. एवढ्यासाठी पुन्हा जाईन.

फुलाशी मात्र मंडळींनी अन्याय केला. निवेदनात सगळीकडे ‘दिव्यपुष्प’, आणि हातात कागदी कमळ. नंतर विचारलं तर म्हणाले, “पुराणकथेत ‘गुल’ शब्द बरा वाटत नाही हो.”

अहो, पण तोच तर या कथेचा खरा दस्तऐवज! गुलबकावलीची वेगळी दास्तान इज्जतुल्ला बंगालींनी 1722 मध्ये फारसीत लिहिली. निहालचंद लाहोरींनी ती कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजासाठी उर्दूत आणली. मराठीतही ‘गुलबकावली’ चवीनं वाचली गेली. त्या दास्तानीत आंधळ्या राजाचे डोळे याच फुलानं उघडतात, आणि अमरकंटकला आजही गुलबकावलीचा अर्क डोळ्यांसाठी म्हणून विकतात. (डोळ्यांत घालायच्या आधी डॉक्टरांना विचारा, हे आपलं माझं.) म्हणजे नदीची कथा आणि फारसी दास्तान एकाच डोंगरावर एकमेकींत मिसळल्या आहेत. ‘गुल’ काढलं की ही मिसळण पुसली जाते. जोहिलेला न्याय देणाऱ्यांनीच हे करावं, याचं जास्त वाईट वाटलं.

आणि फूल काही स्वर्गातलं नाही. आपला सोनटक्काच तो: पांढरा, नाजूक, संध्याकाळी घमघमणारा. माघात तो मिळत नाही, मान्य. पावसाळ्यात प्रयोग पुन्हा करणार आहेत म्हणे. तेव्हा आमच्या परसातला एक झुबका नेऊन देईन.