‘सचिन, सचिन’ : एका घोषाचे जन्मस्थान

क्रीडांगणावरील घोषांची गणना वाङ्मयात कोणी करीत नाही. तथापि, एकाच नामाच्या द्विरुक्तीने वर्षानुवर्षे मैदाने दुमदुमली, तेव्हा त्या घोषाचा विचार करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही. ‘सचिन, सचिन’ हा घोष प्रथम कोठे उमटला, याविषयी एकवाक्यता नाही.

अनेकांचे स्मरण शारजापाशी थांबते. 1998 च्या एप्रिलात तेंडुलकरांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध 22 तारखेस 143 आणि 24 तारखेस, म्हणजे आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, 134 धावा केल्या. त्या दिवसांत दूरचित्रवाणीने हा घोष घरोघर पोहोचविला हे खरे. पण पोहोचणे म्हणजे जन्मणे नव्हे. दुसरा दावा खुद्द तेंडुलकरांचा. 2017 साली, आपल्यावरील चित्रपटाच्या निमित्ताने, हा घोष आपल्या आईने सुरू केला असे त्यांनी सांगितले : खाली खेळणाऱ्या मुलास ती घरातून हाका मारीत असे.

हा दावा केवळ मातृभक्तीचा उद्गार म्हणून सोडून देणे आम्हांस रुचत नाही. घोषाची चाल पाहावी. पहिले अक्षर उंच व लांबविलेले. दुसरे, कोमल गंधारावरून षड्जावर यावे तसे, खाली उतरणारे. दूरच्या माणसास हाक मारण्याची ही चाल भाषाशास्त्रज्ञांनी अनेक भाषांत नोंदविली आहे. कुळागरापलीकडे गेलेल्या पोरास आमच्याकडील आया याच सुरात बोलावतात. तेव्हा घोषाचे रूप आईच्या हाकेचे आहे, हे निःसंशय. परंतु वांद्र्याच्या साहित्य सहवासातील एका घरची हाक स्टेडियमात गेली कशी, याचा दुवा कोणी दाखविलेला नाही. तो दाखविण्याची गरजही नाही. प्रेक्षकांतील प्रत्येकाने ती आपापल्या दारात ऐकलेली होती. पुढे ‘कोहली, कोहली’ हेही त्याच धाटणीने निघाले. (सचिन हे नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेविले गेले, एका संगीतकाराच्या नावास अशी चाल लाभावी, हा योगायोग मौजेचा.)

समूहाने त्यात घातले ते दोन हाकांनंतरचा विराम आणि टाळी. आरतीस उभे राहणाऱ्यांस याचे मर्म सांगावयास नको. चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांनी या घोषाचे गीत केले. पण गीत म्हटले की वाद्यमेळ आला, आणि वाद्यमेळाने विराम भरला. आमच्या मते घोषाचा प्राण तेथेच गेला.

‘गणपती बाप्पा मोरया’ या घोषात चिंचवडच्या मोरया गोसावींचे नाव राहिले आहे, असे परंपरा मानते. येथे मात्र घोष करणारा अनामिकच. आणि त्याचे स्वामित्व त्याने कोणास दिलेले नाही. 2006 च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्ध अवघ्या एका धावेवर बाद झालेल्या तेंडुलकरांची वानखेडेवरील काही प्रेक्षकांनी हुर्यो उडविली होती. त्याच मैदानावर नोव्हेंबर 2013 मध्ये, त्यांच्या दोनशेव्या व अखेरच्या कसोटीत, त्याच नावाचा गजर अखंड चालला. मुलाचा खेळ मैदानावर येऊन पाहण्याची त्यांच्या मातोश्रींची ती पहिलीच वेळ होती. आपली हाक त्या दिवशी त्यांनी हजारोंच्या तोंडून ऐकली.