'इलमॅटिक' : पाच माइकांचं ओझं

आज आपल्याला एका रॅपरच्या पहिल्या अल्बमबद्दल बोलायचं आहे. त्याहून जास्त, त्या अल्बमबद्दल लोक जे बोलले त्याबद्दल बोलायचं आहे.

नासचा 'इलमॅटिक' १९ एप्रिल १९९४ रोजी आला. नासिर जोन्स तेव्हा अवघा २० वर्षांचा होता. वाढला न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजमध्ये, म्हणजे सरकारी घरांच्या एका अवाढव्य वसाहतीत. अल्बम केवढा? दहा तुकडे, त्यातला पहिला तर नुसती प्रस्तावना. सगळं मिळून जेमतेम ४० मिनिटं.

'द सोर्स' हे तेव्हा हिप-हॉपचं सर्वांत वजनदार मासिक. तिथे ताऱ्यांऐवजी माइक देत, आणि पाच माइक म्हणजे अभिजात कृती. ते क्वचितच कुणाला मिळत. मिन्या ओ या तरुण समीक्षिकेने 'शॉर्टी' या नावाने परीक्षण लिहिलं आणि या पदार्पणाला पाचही माइक दिले. बाजाराचं गणित मात्र निराळं निघालं. बिलबोर्डच्या यादीत अल्बम बाराव्या क्रमांकावर आला. गोल्ड व्हायला १९९६ उजाडलं आणि प्लॅटिनम व्हायला २००१.

आता कौतुक नेमकं कशाचं झालं, ते बघू. पुन्हा पुन्हा येणारा शब्द म्हणजे 'अस्सल'. रस्त्यावरचं जिणं जसंच्या तसं मांडलं, असा सूर. आमचा आक्षेप इथेच आहे. 'जसंच्या तसं' म्हटलं की रचणाऱ्याचं श्रेय गेलंच म्हणून समजा! मग तो कवी राहत नाही, साक्षीदार होतो.

सातवं गाणं घ्या, 'वन लव्ह'. तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं, असा त्याचा घाट. पत्रात वस्तीच्या बातम्या आहेत: कोण गेलं, कोण फिरलं, घरचे कसे आहेत. उत्तर मात्र आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. तिसऱ्या कडव्यात पत्र सुटतं आणि कवी बाकावर बसून एका बारा वर्षांच्या मुलाशी बोलतो. हा मुलगा आत गेलेला नाही, पण त्याच वाटेवर आहे. म्हणजे ज्यांना पत्रं लिहिली त्यांच्यात उद्या याचीही भर पडू शकते. हे गाण्यात कुठेही सांगितलेलं नाही, क्रमातून कळतं. याला जसंच्या तसं म्हणायचं? ही रचना आहे, आणि वीस वर्षांच्या पोराने केलेली आहे.

संगीताचंही तेच. तेव्हा बहुतेक रॅप अल्बम एकाच निर्मात्याच्या किंवा एकाच चमूच्या हातचे असत. इथे डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. असे पाच जण आहेत, तरीही अल्बम एकसंध वाटतो. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी वडील ओलू दारा कॉर्नेट वाजवतात. बापलेकाचं नातं तिथे शब्दांविना येऊन जातं.

दोषही सांगायला हवेत. या वस्तीत बायका राहतात की नाही, असा प्रश्न पडावा इतक्या त्या कमी दिसतात. 'वन लव्ह'मध्ये आई येते, प्रेयसी येते, पण बातमी म्हणून. त्यांना स्वतःचा आवाज नाही. अल्बमला सर्वोच्च मान देणारी समीक्षक स्त्री होती, हे लक्षात घेतलं की ही उणीव जास्तच टोचते.

आणि पाच माइकांचं पुढे काय झालं? ते ओझं झालं. १९९६ साली दुसरा अल्बम 'इट वॉज रिटन' थेट पहिल्या क्रमांकावर गेला, तरी बऱ्याच समीक्षकांनी नाक मुरडलं. का, तर तो 'इलमॅटिक' नाही. २००१ मध्ये जे-झीने गाण्यातून नासला डिवचलं तेही याच दुखऱ्या जागेवर: तुझे चांगले अल्बम फार विरळा. विसाव्या वर्षी माणसाला अभिजात ठरवलं की पुढची सगळी वर्षं तो स्वतःचाच प्रतिस्पर्धी होऊन बसतो. चूक स्तुतीची नव्हती. चूक ही की पुढच्या प्रत्येक कामाला तीच एक मोजपट्टी लागली.

हे सगळं आपल्याला इथे बसून कशाला हवं? २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नासचं नाव होतं. त्याच वर्षी मुंबईच्या डिव्हाइनचा पहिला अल्बम 'कोहिनूर' आला, तो नासशी जोडलेल्या मास अपील कंपनीच्या भारतीय शाखेतून. वस्तीतून आलेल्या पोरांबद्दल आपल्या तोंडीही 'अस्सल' हा शब्द किती पटकन येतो बघा. तो उच्चारण्याआधी एवढंच विचारू या: याने काय निवडलं, काय गाळलं, कोणत्या क्रमाने मांडलं? हे प्रश्न आपण कवीला विचारतो. मग रॅपरलाही विचारले पाहिजेत.